वेगळी घरपट्टी

“दार तुझं तू येगळं काढ, सुभद्रा. माझ्या लेकाच्या उंबऱ्यावरनं येत-जात ऱ्हाशील, तर एक दिस त्यो कडी लावंल.”

सासू, गोजाबाई, मरताना एवढंच बोलली होती. सुभद्रानं तिचा हात हातात घेऊन ‘काढीन’ म्हटलं होतं. पुढं नवऱ्याशी फारकत झाली, पोटगीपोटी कोर्टानं घराची मागची खोली तिला दिली. तरी बोळाकडच्या भिंतीला पहार लावायला तिचं मन धजेना. त्याच भिंतीच्या कोनाड्यात तिचे देव होते.

आज पंचायतीचे कारकून उद्धवराव घरपट्टीच्या आकारणीला कासारवाडीत आले होते. चिमाजीनं, तिच्या एके काळच्या नवऱ्यानं, त्यांना ओसरीवर घोंगडी टाकून बसवलं, चहा दिला.

“एकच घर हाय, रावसाहेब. एकच पट्टी लावा. समदी मी भरतो.”

सुभद्रा मधल्या दारात येऊन उभी राहिली. सोमवार होता, सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. ती हळूच म्हणाली, “मागली खोली माझी हाय. तिला माझ्या नावानं येगळी पट्टी लावा.”

चिमाजी मोठ्यानं हसला. “ऐका! लोक पट्टी चुकवायला तुमच्या पाया पडत्यात, आन् ही मागून घेतीया! उपासानं डोस्कं फिरलं काय गं? फुकट ऱ्हा की!”

“फुकट ऱ्हानाऱ्याला कवाबी हाकलता येतं.”

त्याचं हसू विझलं. पिंपरीच्या नव्या कारखान्यातल्या कामगारांना खोल्या हव्या होत्या. अख्खं घर घ्यायला एक गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं होतं.

“कोर्टाचा कागुद चुलीत घाल! गिऱ्हाईक पंचायतीचं दप्तर बघतं. तितं तुझं नाव लागलं तर माझ्या घराला कोन हात लावंल? माझा जन्म खाल्लास, आता भिंती खा!”

उद्धवरावांनी आत जाऊन पाहिलं. “बाई, चूल वेगळी आहे, कबूल. पण खोलीला बाहेरून दार कुठंय? आम्ही दारावर घर मोजतो. दार एक, तर घर एक.”

“आन् त्ये दार माझं हाय,” चिमाजी म्हणाला.

सुभद्रानं खाली बघतच विचारलं, “रावसाहेब, परत कवा जानार?”

“खालची आळी उरकली की. दिवेलागणीला.”

“मंग जाताना मागल्या बोळातनं जावा.”

“कशाला? तुझं थोबाड बघायला?” चिमाजी खेकसला.

ती खोलीत गेली. कारकुनाची पाठ वळते न वळते, तोच चिमाजीनं मधलं दार ओढलं आणि आपल्या बाजूनं कडी घातली.

“बस आता तितंच! पट्टी चाटत!”

सुभद्रा क्षणभर त्या बंद दाराकडं बघत राहिली. मग तिनं कोनाड्यातले देव एकेक करून उचलले, चुलीशेजारच्या पाटावर मांडले आणि अंगावर माती उडू नये म्हणून त्यांच्यावर धुतलेलं लुगडं पांघरलं.

“काय चाललंय गं आत?”

तिनं पदर खोचला. रिकाम्या कोनाड्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि कोपऱ्यातली पहार आवाज न करता उचलली.