काशीबाईचं फुकट तिकीट

"आजींना उठवा," कंडक्टर म्हणाला.

भिवंडी सुटून एसटी जेमतेम शेलारपर्यंत पोचली होती आणि गाव अजून कुठल्या कुठे होतं. खिडकीशी टेकवलेल्या सासूच्या कमरेभोवतीचा हात सुवर्णाने आणखी घट्ट केला.

"ऱ्हाऊ द्या ना, मास्तर," मागच्या सीटवरून दिनेश घाईघाईने म्हणाला. "निजलीय आय. हे तिचं कार्ड बघा. पंच्याहत्तरच्या वर हाय."

कार्ड बनावट नव्हतं, पण त्यावरचं वय काही खरं नव्हतं. काशीबाईचा जन्म कुणी लिहून ठेवलेला नव्हता. आधार काढणाऱ्याने तिच्या पांढऱ्या केसांकडे बघून एक साल ठोकून दिलं आणि काशीबाई बसल्या जागी चार-पाच वर्षांनी म्हातारी झाली. तोटा काही नव्हता. उलट एसटी फुकट झाली. सुवर्णाला बाई म्हणून अर्धं तिकीट, सात वर्षांच्या मेघालीलाही अर्धंच. चौघांच्या घरात पूर्ण तिकीट काय ते एकट्या दिनेशचं.

यापेक्षा स्वस्तात गाव गाठणं शक्यच नव्हतं. दिनेशने सकाळी खासगी गाडीची चौकशी करून पाहिली होती. गाडीवाल्याचा भाव ऐकून तो मुकाट्याने घरी परतला. मानकोलीच्या गोदामात महिनाभर खोकी उचलूनही तेवढे पैसे सुटले नसते. आणि गावाला न्यायचा शब्द तर त्याने आईला कधीचाच दिलेला होता.

अडचण एवढीच, की काशीबाईला खोटं बोलता येत नसे. होळीला गावी जाताना कंडक्टरने सहज वय विचारलं, तर सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगून टाकलं होतं, "कार्डावर जास्ती लिवलंय रं बाबा, मी काय एवढी म्हातारी न्हाय!" त्या वेळी कुडूसला चौघांनाही खाली उतरवलं होतं. तेव्हा हसून घेतलं. आज उतरवलं तर काय करायचं, ते सुवर्णाला ठाऊक नव्हतं.

"पदर बाजूला करा जरा. फोटो ताडून बघायला लागतो," कंडक्टर म्हणाला.

सुवर्णाने पदर थोडासा सरकवला. कंडक्टर वाकला.

"आजी! ओ आजी! वय काय तुमचं?"

काशीबाई काही बोलली नाही.

"मास्तर, तिकीट फाडा तिचं," दिनेश उभाच राहिला. "पैसं देतो मी. पर हात नका लावू तिला."

कंडक्टरने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "कार्ड खरं आहे ना? मग पैसे कशाला देता?"

शेजारचे दोघे-तिघे माना वर करून बघायला लागले. आता गाडी थांबणार, आता हा दार उघडणार, असं सुवर्णाला वाटलं आणि ती न विचारताच बोलून गेली, "तापानं फणफणली व्हती, मास्तर. चार रातीत डोळ्याला डोळा न्हाय. आता कुठं निवांत झालीय."

कंडक्टरने मशीनची बटणं दाबली आणि शून्याचं तिकीट सुवर्णाच्या हातात ठेवलं. "झोपू द्या मग," असं म्हणून तो पुढे सरकला.

भीती काही पुढे सरकली नाही. भिवंडी-वाडा रस्ता म्हणजे खड्ड्यांत मधूनमधून डांबर. प्रत्येक दणक्याला काशीबाईचं सगळं वजन सुवर्णाच्या खांद्यावर येई आणि ती दात आवळून तिला परत खिडकीशी टेकवी. हात बधिर झाला होता, पण सोडायची छाती नव्हती.

मेघालीने सीटच्या फटीतून चिक्कीचा तुकडा पुढे केला. "आजे, घे ना!" मग तो तिने आजीच्या मांडीवर टाकला. पुढच्याच खड्ड्याला तुकडा खाली घरंगळला.

"आजी घेत न्हाय," मेघाली रुसून म्हणाली.

"तुला सांगितलंय ना, तिला उठवायचं न्हाय!" सुवर्णा खेकसली. तिने तोंड फिरवलं.

दिनेशचा फोन वाजला. गावाहून तुळशीरामकाका बोलत होता. दिनेशने आवाज खाली आणला. "व्हय काका, विक्रमगड गेलं मागं. बांबू तोडलंत ना? हिरवंच घ्या. आन् माणसं बोलवा."

परत येणाऱ्या कंडक्टरच्या कानावर ते पडलं. "घर बांधताय वाटतं?"

"आयसाठी," दिनेश म्हणाला आणि खाली बघत राहिला.

"बरं करताय. म्हाताऱ्या माणसांचा जीव गावातच रमतो."

गावाचा फाटा आला तसा कंडक्टरने बेल मारली. "आता तरी उठवा आजींना!"

"गुडघं धरल्यात तिचं. मीच नेतो," दिनेश म्हणाला. चढवताना घेतलं होतं तसंच त्याने आईला पाठीवर घेतलं. सुवर्णा मागून पदर सावरत, मान सावरत उतरली. कंडक्टरने पिशवी खाली दिली, मेघालीला टाटा केला आणि दार ओढून घेतलं.

गाडी वळणाआड जाईपर्यंत कुणी हललं नाही. मग झाडाखाली बसलेली भावकी उठली, सुवर्णाने सकाळपासून घशात अडवलेला हंबरडा फोडला, आणि तुळशीरामकाकाने हिरव्या बांबूंची तिरडी दिनेशपुढे आणून ठेवली.