चौदा देशांची चिल्लर

"सगळी ओत इथं," काका म्हणाले. "एकेक बघतो."

लग्नाचं विचारायला आलेल्या त्या पोरानं डबा टेबलावर उपडा केला. नाणी खळखळली, दोन-चार घरंगळत काठापर्यंत गेली, आणि चुरगळलेल्या नोटा त्यांच्यावर पडल्या. मुलीची आई हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्यामागे मुलगी. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

गल्लीत सगळे त्यांना फॉरेनकाका म्हणत. परदेशात एका काचेच्या कारखान्यात त्यांनी बारा वर्षं काढली होती, आणि जो कधी देशाबाहेर गेला नाही तो त्यांच्या लेखी माणसातच जमा नव्हता. लेकीसाठी आलेली सात स्थळं त्यांनी याच एका कारणावरून वाटेला लावली होती.

म्हणून तर हा सगळा घोटाळा. पहिल्याच भेटीत काकांनी विचारलं, "किती देश पाहिलेस?" आणि हा पठ्ठ्या बोलून गेला, "चौदा." चौदाच का, तर त्या दिवशी कामावर त्याच्यापुढे चौदा ट्रे होते.

काम असं, की विमानतळावर काचेच्या पेट्या ठेवलेल्या असतात. परतणारे प्रवासी खिशात उरलेली परदेशी चिल्लर त्यांत टाकतात. एक संस्था ती गोळा करते, आणि तळघरातल्या खोलीत बसून हा ती देशवार वेगवेगळ्या ट्रेमध्ये निवडतो. नोटा बँकेकडे जातात, नाणी किलोवर विकली जातात, पैसा इस्पितळाला. विमान त्यानं जन्मात खालूनच पाहिलेलं. कामावर त्याला चिल्लरशेठ म्हणत.

पण काका कसले ऐकताहेत. दुसऱ्या भेटीत म्हणाले, "खरा फिरलेला माणूस असला, की त्याच्या घरी उरलेले पैसे सापडतातच. रविवारी घेऊन ये. पटलं तर लग्न. नाहीतर सोमवारी मी दुसरीकडे शब्द देऊन मोकळा होतो."

मुलीला खरं काय ते ठाऊक होतं. "सांगून टाक ना सरळ," ती म्हणाली होती.

"आणि तुझ्या बाबांनी दारातूनच वाटेला लावलं तर?"

शेवटी त्यानं पदरचे पैसे भरून संस्थेकडून दोन किलो नाणी आणि मूठभर नोटा विकत घेतल्या, आणि आठवडाभर शाळकरी पोरासारखं चौदा देश पाठ केले. काका जिथं राहून आले ते शहर तर दोनदा-तीनदा. तिथं चुकलं असतं तर सगळंच मुसळ केरात.

काकांनी चष्मा लावला आणि एक नोट उजेडात धरली.

"ह्यात काय येतं?"

"जेवण. एका वेळचं, साधं."

"हं." नोट बाजूला गेली. "आणि उरलेले पैसे नुसते डब्यात ठेवतोस?"

"नाणी बँक घेत नाही, काका. पुन्हा जाणं झालं तर लागतील म्हणून ठेवतो."

"मी तर सगळी तिथंच वाटून आलो. एक नाणं ठेवलं नाही."

"निदान फोटो तरी ठेवायचे," आई दारातून म्हणाली. "बारा वर्षं एकटीनं घर ओढलं मी. ह्यांनी दाखवायला आणलं काय, तर गोष्टी."

"फोटो भिजले. किती वेळा सांगू?"

"सांगा हो. मी कुठं नाही म्हणतेय."

काका तिच्याकडे न बघता पुढचं नाणं उचलत राहिले. हे कुठलं, तिथं थंडी किती, टॅक्सीवाले फसवतात का. तो उत्तरं देत गेला. शर्ट पाठीला चिकटला होता. दहा देश झाले, अकरा झाले.

"माझ्या शहराकडचं आहे का ह्यात काही?"

त्यानं ढिगातून एक लहानसं पिवळं नाणं काढून दिलं. काकांनी ते तळहातावर घेतलं, उलटंसुलटं करून बराच वेळ पाहिलं.

"ह्या एवढ्याशा नाण्याचा तुला तिथं काय उपयोग झाला?"

त्याच्या डोक्यात चौदा देशांचा काला झाला होता. काहीतरी बोलायला तर हवं.

"पुलावर द्यायचो. नदीवरचा तो जुना पूल. पलीकडे जायचं तर एक नाणं टाकावं लागतं ना."

शब्द बाहेर पडले आणि मग त्याच्या लक्षात आलं. पूल भलत्याच देशातला होता. काकांच्या शहराला नदीच नव्हती. भर वाळवंटातलं शहर ते. पिण्याचं पाणीसुद्धा समुद्राचं गोडं करून नळानं आणतात, हे त्यानं स्वतः वाचलं होतं.

काकांनी चष्मा काढला.

"काय म्हणालास?"

आता माघार कशी घेणार. "पूल," तो म्हणाला.

काका आधी त्याच्याकडे पाहत राहिले, मग बायकोकडे. मुलीनं आईचा हात धरला. संपलं सगळं, त्याला वाटलं. निदान हाकलून द्यायच्या आत आपणच खरं बोलावं.

"काका, मला तुम्हाला एक सांगायचं आहे."

काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ऐकलंस ना?" ते बायकोला म्हणाले. "माझं कधी खरं वाटलं नाही तुला. आता ह्याच्या तोंडून ऐक. त्याच पुलावरून बारा वर्षं रोज कामाला गेलो मी."