बाहेर न जाणारं पुस्तक

चौकशीच्या खोलीत शिरताच भीमराजला टेबलावर तो जाडजूड खंड दिसला. कामगार खटल्यांच्या निकालांचा. पाठीवर विद्यापीठाच्या कायदा ग्रंथालयाचं पांढरं लेबल होतं, आणि तो उद्धवरावांच्या हाताशी होता. उद्धवराव म्हणजे कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर.

"बस की," हनीफ म्हणाला. "उभा का ऱ्हायलास?"

चौकशी हनीफची होती. पाळी सुटताना गेटवर त्याच्या डब्याच्या पिशवीत हात पुसायच्या चिंध्यांचा बोळा सापडला होता. कंपनी त्याला चोरी म्हणत होती आणि हनीफला कायमचं घरी बसवायला निघाली होती. बाजू मांडायला त्याला बाहेरचा वकील चालणार नव्हता, कारखान्यातलाच माणूस हवा होता. चौकशी चालवायला मात्र कंपनीनं पुण्याहून जाधव वकील आणले होते. हनीफनं भीमराजला धरलं, कारण पाळी करून कायद्याच्या वर्गाला जाणारा खात्यात तो एकटाच होता.

मागच्या तारखेला जाधव वकिलांनी भीमराजची निकाल उतरवलेली वही बाजूला सारली होती. हातानं उतरवलेलं कुणीही आणेल, छापील दाखवा, असं त्यांनी ठणकावलं होतं.

म्हणून गुरुवारी, कारखान्याच्या सुटीला, भीमराज नानासाहेबांपुढे उभा राहिला. नानासाहेब ग्रंथपाल. चिंचवडहून बसनं येणाऱ्या या पोरासाठी ते खिडकीजवळची खुर्ची राखून ठेवत. कुठल्या निकालाला कुठला जोडून वाचायचा ते समजावत, थर्मासमधला अर्धा चहा त्याला देत. त्यानं पुस्तकात घातलेल्या खुणेच्या चिठ्ठ्या पुढच्या गुरुवारपर्यंत जागच्या जागी राहतील हेही तेच बघत. इतकं त्याच्यासाठी कुणी केलं नव्हतं.

"एका सकाळपुरता हा खंड द्या," भीमराज म्हणाला होता. "दुपारच्या आत आणून देतो."

"वकीलसाहेब," नानासाहेब त्याला याच नावानं हाक मारत, "संदर्भाचं पुस्तक आहे. बाहेर जात नाही. उद्या कुलगुरू आले तरी नाही."

भीमराजला राग आला नाही. उलट आपण मागितलंच कसं, याची लाज वाटली. नियम सगळ्यांना एकच असला की त्याला फार बरं वाटायचं. त्याच्या घरादाराच्या वाट्याला आजवर नियमाबाहेरचंच आलं होतं. कायदा शिकायला तो निघाला तो त्यासाठीच.

"हं," जाधव वकिलांनी चष्मा चढवला. "छापील आणलंत?"

"ते समोरच आहे साहेब. तेच पुस्तक." भीमराजनं खंडाकडे बोट केलं. "पण ते बाहेर जात नाही."

"कुणाला जात नाही?" उद्धवरावांनी खरोखरच न कळून विचारलं. "काल नानासाहेबांना फोन केला. आमच्या मोठ्या साहेबांची आणि त्यांची ओळख आहे. संध्याकाळी ड्रायव्हर घेऊन आला."

फसवलं, एवढंच भीमराजच्या मनात आलं. कंपनीनं फसवलं असतं तर त्याला काही वाटलं नसतं, तिच्याकडून त्यानं कधी कसली अपेक्षाच धरली नव्हती. आपल्या थर्मासमधला चहा देणाऱ्यानं फसवलं होतं. त्याला एकदम शरमल्यासारखं झालं, आणि लबाडी दुसऱ्यानं केल्यावर आपल्याला शरम का वाटावी, याचाही संताप आला.

त्यानं पान सांगितलं. जाधव वकिलांनी खंड ओढून उघडला. त्या पानात तपकिरी कागदाची एक पट्टी होती. त्यांनी ती बोटांनी चाचपली आणि बोटं रुमालाला पुसली.

"तेलकट आहे. ही खूण तुमची, उद्धवराव?"

"नाही, आधीपासून आहेत त्या. सोयीच्या पडल्या, आमच्या कामाचंही तिथंच आसपास सापडलं." उद्धवराव पुढं वाकले. "पण कागद तर आपलाच दिसतोय. बेरिंग याच कागदात गुंडाळून येतात." त्यांची नजर सावकाश हनीफकडे वळली. "आणि बेरिंगच्या पेट्या हाच फोडतो."

हनीफच्या कपाळावर घाम आला. त्यानं टेबलाखालून भीमराजचा गुडघा दाबला.

"गप ऱ्हा," तो पुटपुटला. "माजं जायचं ते जाईल. तुजं बी कशाला?"

भीमराज उठून उभा राहिला.

"खुणा माझ्या आहेत साहेब. कागद मी नेला."

"कंपनीचा?" जाधव वकिलांनी विचारलं.

"व्हय. कचऱ्याच्या पिंपातला. हनीफच्या चिंध्या बी त्याच पिंपातल्या. ह्यो चोर तर मी बी चोर. लिवून घ्या, आणि मग ते पान वाचा. टाकून दिलेलं उचललं तर ती चोरी न्हाई, हेच त्यात लिवलंय."

हनीफनं डोळे मिटून घेतले. जाधव वकील पान वाचू लागले. वाचून झाल्यावर त्यांनी भीमराजचं म्हणणं लिहून घेतलं आणि ती पट्टी चिमटीत धरली.

"ही पुराव्याला लागेल. काढून ठेवतो."

"नको साहेब," उद्धवरावांनी घाईनं पुस्तकावर हात ठेवला. ते जरा अवघडलेले दिसले. भीमराजकडे न बघता म्हणाले, "पुस्तक देताना नानासाहेबांनी निक्षून सांगितलंय. एकही खूण हलवायची नाही. दर गुरुवारी एक गरीब पोरगा येतो, त्याला लागतात."