तीन पुरुष खोल

शेफने भिरकावलेलं पातेलं चाळणारीच्या कानाला चाटून गेलं आणि मागच्या भिंतीवर आदळलं.

"काल एकाच्या दाताखाली खडा आला," तो ओरडला. "आज आला तर तुझे दात पाडून तुझ्या हातात देईन. बाहेर बारा जण बसलेत. माती खायला आलेत, खडे नाही!"

तिने पातेलं उचलून जागेवर ठेवलं. या माणसाचं तोंड आणि हात दोन्ही सैल, हे भटारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. माती कोण खाणार, म्हणून सुरुवातीला सगळे तोंड दाबून हसले होते. पण पांढऱ्याशुभ्र थाळीत, खरपूस भाजून, दोनच चमचे वाढली की लोक डोळे मिटून खातात, हे त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. फक्त माती तीन पुरुष खोल, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहतील इतक्या खालून, खणून काढलेली हवी. तिथवर ना मूळ पोचत, ना किडा, ना शेतातलं खत. ती काढायला चाळणारीचा धाकटा भाऊ खड्ड्यात उतरायचा. खड्ड्याच्या भिंतींना फळ्यांचा आधार द्या, म्हणून तिने शेफला दोनदा हात जोडले होते. दोन्ही वेळा तो "बघू" म्हणाला होता.

अर्ध्या पोत्याची माती चाळून, भाजून बाहेर गेलीही होती. उरलेली तिने चाळणीत ओतली, दोन हेलकावे दिले आणि थबकली. जाळीवर केसांसारखी बारीक मुळं राहिली होती.

पोतं घेऊन आलेला टेम्पोवाला दाराशी तंबाखू मळत उभा होता.

"ही आजचीच ना रे?"

"आजचीच, ताई. सकाळी भरली."

"आणि तो?"

"मजेत. जेवत बसला असेल आता." त्याने मान वर केली नाही.

तिने पुन्हा चाळणी हलवली. जाळीवर काहीतरी टकटकलं. खडा समजून तिने ते उचललं आणि एप्रनला पुसलं. दात होता. पुढचा, कोपरा तिरका उडालेला. तो कोपरा लहानपणी तिनेच उडवला होता, भांडणात लाटणं फेकून. आई तिला फोडून काढायला लागली, तेव्हा हा धाकटा भाऊच रक्ताळलेल्या तोंडाने मध्ये पडला होता, ताईला मारू नकोस म्हणून.

तिने दात डाव्या मुठीत धरला. उजव्या मुठीत चाळणीतली माती घेतली आणि शेफसमोर जाऊन उभी राहिली. तो "काय गं?" म्हणेपर्यंत तिने त्याचा चेहरा कोपराने ओट्यावर आपटला. पुन्हा आपटला. ओठ फाटून तोंड उघडलं, तशी तिने माती आत कोंबली. दोघे आचारी धावले. तिने ओट्यावरची सुरी उचलून शेफच्या मानेला लावली, तेव्हा ते होते तिथेच थांबले.

"रोज जिभेवर ठेवून सांगतोस ना, किती खोलची आहे ते? सांग आता."

मानेवर सुरी होती, तरी शेफचे जबडे हलले. सवयच ती. रक्तात कालवलेली माती त्याने चघळली.

"वरची," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "वरची... आणि खालची. एकत्र."

"एकत्र कशी झाली?"

टेम्पोवाला भिंतीला टेकून खालीच बसला.

"खड्डा कोसळला, ताई. दोन्ही बाजूंनी. तासभर उपसत होतो आम्ही, घाईत फावडं त्याच्या तोंडाला लागलं. हाती लागला तेव्हा संपलं होतं सगळं."

"आणि हे पोतं?"

"त्याच्या अंगावरून काढलेली माती वर पडली होती, तीच भरली. फोन केला होता मी यांना. तर म्हणाले, रिकाम्या हाताने येऊ नकोस. आणि जेवणं उरकेपर्यंत तिला कळू देऊ नकोस."

सुरी रुतली. रक्ताची बारीक धार शेफच्या कॉलरमध्ये उतरली. तिला ती सुरी आणखी आत घालायची होती, मनापासून घालायची होती.

तेवढ्यात दार ढकलून वेटर आत आला. हातात रिकाम्या थाळ्यांची चळत आणि चेहरा खुललेला.

"शेफ, चाटूनपुसून! म्हणतात, आजच्यासारखी चव कधी लागली..." समोरचं बघून त्याचा आवाज खाली आला. "आणखी मागताहेत."

"आवडली?" मानेवर सुरी असताना शेफने विचारलं.

चाळणारीने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याला सोडलं. सुरी ओट्यावर ठेवली आणि सगळ्यात वरची थाळी उचलली. शेवटचा कण पुसून घ्यायला कोणीतरी बोट फिरवलं होतं, त्याची रेघ थाळीवर उमटली होती. त्या रेघेवर तिने दात ठेवला आणि थाळी वेटरच्या हातात दिली.

"जा, वाढ," ती म्हणाली. "आणि सांग त्यांना, खडा नाही म्हणावं."