जागचा हलला नाही

“बक्कल लावून टाका,” संचालक ओदागिरी म्हणाले.

चिनात्सु विमानाच्या आसनावर वाकली होती. तिने मान वर केली नाही. “नाही लागणार. गंजलंय. जोर केला तर मोडेल.”

“मग वरून नवा पट्टा टाका, बक्कल लावलेला. उद्या आजी येणार आहेत.”

दुसऱ्या महायुद्धातलं हे झीरो लढाऊ विमान उपसागराच्या गाळातून वर काढलं, त्याला दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून चिनात्सु संग्रहालयाच्या कार्यशाळेत त्याच्या पत्र्यातलं मीठ उतरवत होती. पंख झाले, शेपूट झालं, शेवटी वैमानिकाची जागा राहिली. त्याला आसनाशी बांधणाऱ्या पट्ट्यांचं कापड कधीच कुजून गेलं होतं. बक्कल तेवढं गाळात टिकलं होतं. ते तुटलेलं नव्हतं, हाताने सोडलेलं होतं. डोक्यावरचं काचेचं झाकणही पार मागे सरकवलेलं होतं.

गावाला वेगळंच ठाऊक होतं. बंदरावरच्या स्मारकाच्या दगडात ते कोरलेलं होतं. इंजिन बंद पडलं तेव्हा वीस वर्षांच्या वैमानिक तोकुजी मियासेने विमान घरांवर कोसळू दिलं नाही. त्याने ते समुद्राकडे वळवलं आणि अखेरपर्यंत तो जागचा हलला नाही. शाळेतली पोरं दर वसंतात त्या दगडापाशी फुलं ठेवत आणि ती ओळ एका सुरात म्हणत.

“हात्सुए-आजी नव्वदीला टेकल्यात,” ओदागिरी म्हणाले. “सख्खा भाऊ तो त्यांचा. सगळा जन्म बाईंनी त्या दगडाच्या आधारावर काढला. आता शेवटी शेवटी तुम्ही त्यांना सांगणार, तुमचा भाऊ पळायला बघत होता म्हणून?”

म्हाताऱ्या माणसाच्या हातची काठी काढून घेतल्यासारखं ते झालं असतं, हे चिनात्सुलाही कळत होतं. पण नवा पट्टा टाकायला ती तयार होईना, ते खोटंच. अखेर तडजोड झाली. आसनावर राखाडी कापड घालायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

तोंड बंद ठेवणं चिनात्सुला सोपं नव्हतं, आणि दोष तिचा नव्हता. कार्यशाळेची शिस्तच तशी, जपानी रेल्वेच्या चालकांची असते तशी. काम संपलं की प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवायचं आणि ती कशी आहे ते मोठ्याने म्हणायचं. डोळा फसतो, बोललेलं फसत नाही. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की सकाळी घरातून निघतानाही तिचं बोट नाचायचं. “शेगडी, बंद. खिडकी, बंद. मोमोका, टोपी.” मग चार वर्षांची मोमोका आईवर बोट रोखायची. “आई, केस. विंचरलेच नाहीत!”

दुसऱ्या दिवशी हात्सुए-आजी पिशवीभर संत्री घेऊन आल्या. दर महिन्याला येत. विमानाच्या नाकापुढे संत्री मांडत, हात जोडत आणि मग तीच संत्री सगळ्यांना सोलून खायला लावत. “खा गं पोरी. दादा एवढी कुठे खातोय!”

आज प्रथमच त्यांना विमानालगतच्या मचाणावर चढू दिलं होतं. पायरीपाशी त्यांनी बूट काढले.

“राहू द्या ना आजी, लोखंड गार आहे.”

“कुणाच्या घरात बूट घालून शिरतात का?”

वर जाऊन त्या आत वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या. “एवढीशी जागा? आई म्हणायचीच, केवढा ताडमाड वाढलाय मेला, पाय कुठे ठेवत असेल!”

“इथेच बसून होते ते,” ओदागिरी खालून म्हणाले. “अखेरपर्यंत.”

“हो. दगडावर आहे तसं,” आजी म्हणाल्या.

उतरायची वेळ झाली. चिनात्सुने त्यांचं कोपर धरलं. तिचा सगळा जीव आजींच्या मोज्यातल्या पावलांत होता. घसरतील का, पायरी चुकेल का, याखेरीज तिला काही सुचत नव्हतं. मोकळा हात आपसूक वर गेला. “शिडी, पक्की. कठडा, लावलेला. झाकण, मागे. बक्कल, उघडं.”

ओदागिरींनी डोळे मिटून घेतले.

“काय म्हणालीस?” आजींनी विचारलं.

“काही नाही हो आजी,” ओदागिरी घाईने म्हणाले, “कामाची सवय आहे त्यांची, काहीबाही बडबडतात.”

“तुम्हाला नाही विचारलं. पोरी, पुन्हा म्हण.”

चिनात्सुने एकदा खाली पाहिलं. मग तिने राखाडी कापड उचललं. बोट जागेवर नेलं. “बक्कल, उघडं.”

“तुटलं असेल.”

“नाही, आजी. हाताने सोडलंय.”

आजींनी आपलं वाकडं बोट पुढे केलं. बक्कलाला ते लागलं नाही, पण अगदी जवळ गेलं. चिनात्सुने त्यांना घट्ट धरलं. आता या कोसळतील असं तिला वाटत होतं.

“यामुळे तोकुजींच्या थोरवीला काही बाधा—” ओदागिरींनी सुरुवात केली.

“गप्प बसा हो जरा.” आजींची नजर बक्कलावरून हलत नव्हती. “आमच्या आईला लोक येऊन सांगायचे, किती शांत बसून राहिला हो तुमचा मुलगा. ती कमरेत वाकून आभार मानायची. दार लावलं की मला विचारायची, ‘एकदाही धडपडला नसेल का गं तो?’ मी सात वर्षांची. मी काय सांगणार!”

त्यांनी बोट मागे घेतलं आणि नाक पुसलं. चिनात्सुने पाहिलं तर आजी हसत होत्या.

“सगळे म्हणत आले, मरायला तयार होता. अगं, जगायची घाई होती माझ्या दादाला!”