तातडीची कामं

"मॅडम, आज तरी नंबर लागंल का आमचा?" भुजंगने दारातूनच विचारलं.

हेमाने संगणकाच्या पडद्यावरची नजर काढली नाही. "तातडीचं आलंय, सर. वरून. बसा ना."

भुजंग कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीवर बसला. तो मूळचा वालूरचा, परभणीच्या एका कॉलेजात तात्पुरता शिकवत होता. महिनाअखेर प्रबंध दिला तर नोकरी पक्की, नाहीतर त्याच्या जागी दुसरा माणूस. काळ्या मातीत पावसाचं पाणी किती दिवस टिकतं, याचं भलंमोठं गणित त्याला करून हवं होतं. त्या ब्याण्णव साली ते पेलेल असं मशीन परभणीत या संगणक केंद्रातच होतं, आणि ते हेमा चालवायची.

मशीन एक आणि कामं अनेक. ते प्रत्येक कामाला पापणी लवेपर्यंत वेळ द्यायचं आणि पुढच्याकडे वळायचं. पण सगळ्यांना सारखा वेळ नव्हे. तातडीच्या कामांना भरपूर, बाकीच्यांना उरलंसुरलं. मेमरीत जागा कमी पडली, तर बिनतातडीचं काम उचलून बाजूला ठेवायचं. बळी तो कान पिळी, मशीनमध्येही तेच. भुजंगचं काम सगळ्यांत मोठं आणि रांगेत सगळ्यांत शेवटचं. संध्याकाळी मशीन बंद झालं की अर्धवट झालेलं पुसलं जायचं आणि सकाळी पुन्हा श्रीगणेशा.

"किती कामं हायत वरची?" भुजंगने विचारलं.

"चार."

"लय मोठी?"

"संपतच नाहीत."

शिपाई सीताराम दोन चहा ठेवून गेला. भुजंगने एक कप तिच्याकडे सरकवला. "जेवलात का?"

"हो," हेमा म्हणाली. ती जेवली नव्हती. घरी भाऊ-भावजय होते. पीठ संपलं किंवा विजेचं बिल आलं की ते तिच्याशी बोलायचे, एरवी रेडिओ बोलायचा. सुरुवातीला तिला ते लागायचं. आता काहीच वाटत नव्हतं.

भुजंग मग मातीविषयी बोलत राहिला. पेडगावची माती कशी भेगाळते, राणीसावरगावकडे मुरूम किती वर लागतो. आपलं काम अडलेलं असताना माणूस इतका निवांत कसा बोलू शकतो, कोण जाणे. हेमा पडद्याकडे बघत ऐकत होती.

"व्यंकटराव साहेबांना भेटून बघू का?" त्याने एकदा विचारलं. व्यंकटराव केंद्राचे प्रमुख.

"त्यांच्या हातात काही नाही, सर. उगाच चिडतील."

"मग ऱ्हाऊ द्या. तुमाला तरास नको."

असेच दिवस गेले. तो यायचा, बसायचा, चहा व्हायचा. महिनाअखेर जवळ आली तसा तो कमी बोलू लागला. गाल बसले, दाढी वाढली. हेमाला वाईट वाटलं, पण आताशा तिला वाईटही बेताचंच वाटायचं.

महिना सरला. पुढच्या सोमवारी तो आला, पण बसला नाही.

"कॉलेजात दुसरा माणूस घेतला," तो म्हणाला. "आता वालूरला जायलोय. कायमचाच."

हेमाने विचारलं, "चहा सांगू?"

"नगं. गाडीची वेळ झाली." दारात तो थांबला. "तुमी मनाला लावून घेऊ नका, मॅडम. वरच्यांच्या कामापुढं तुमचं तरी काय चालणार? तुमी बसू दिलं, हेच लय झालं."

तो गेला. थोड्या वेळाने व्यंकटराव आत डोकावले.

"मशीनवर कुणाचं काही चालू आहे का?"

"नाही, सर," हेमा म्हणाली.

ते गेल्यावर तिने तातडीची चारही कामं एकेक करून थांबवली. त्यांत मशीनला एवढंच सांगितलेलं होतं, की एकपासून पुढे मोजत राहा. भुजंग पहिल्यांदा आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून, रोज सकाळी, ती तिनेच चढवलेली होती.