जहाज की विमान?

"शेठ, परदेशातली स्टुलं जहाजानं आणली तर दीड महिना, विमानानं आठवडा. पण विमानाचं भाडं ऐकून डोळे पांढरे होतील," माल आणून देणारा एजंट फोनवर सांगत होता. फर्निचरवाल्या शेठनी कपाळ चोळलं आणि नेहमीसारखं जहाजच सांगितलं. दरवेळी तीच घासाघीस, तेच वाट पाहणं. जीव विटला होता, पण दुकानात माल तर हवा. पूर्वी तो शेजारच्या घरच्या कारखान्यातूनच यायचा. वडिलांमागे धाकट्या भावाशी बिनसलं, कारखाना त्याच्याकडे गेला, दुकान आणि कारखान्याच्या मधे भिंत उभी राहिली, आणि आता पलीकडून फक्त रंध्याचा आवाज यायचा.

शेवटी एकदाची ती परदेशी स्टुलं आली. पाय डुगडुगतात का बघायला शेठनी एक उलटं केलं आणि ते तसंच मांडीवर धरून बसून राहिले. बैठकीच्या खाली पटाशीनं कोरलेली इवलीशी चिमणी होती. वडील आपल्या प्रत्येक कामाखाली ती कोरायचे. शिकवली फक्त दोन्ही मुलांना, आणि थोरल्याला म्हणजे शेठना ती कधी जमलीच नाही.

तेवढ्यात एजंटचा फोन आला. "शेठ, माल मिळाला ना? मग पुढची खेप कशानं आणू? जहाज की विमान?"



"दोन्ही नको. तुझ्या ओळखीत कुणी गवंडी आहे का? एक भिंत पाडायचीय."